चाकाखालचा दगड

मुलांनो, नवीन जालन्यातल्या लॅबमध्ये तुमच्या आजोबांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला. "आता गोळी बंद!" ते म्हणाले.

शेजारी पटका मांडीवर ठेवून बसलेला एक अनोळखी शेतकरी मोठ्यानं हसला. "काका, म्याबी असाच हुशार झाल्तो! रिपोर्ट बराबर आल्ता म्हणून गोळी सोडली, गल्लीत पेढे वाटले. थोड्याच महिन्यांत पुन्हा तितकंच वाढलं. उतारावर गाडी थांबलेली दिसली, अन् म्या चाकाखालचा दगडच काढला. डॉक्टरला इचारल्याबिगर सोडू नका."

आपली फजिती भर लॅबमध्ये सांगताना त्याची मान ताठ होती. कुणाचंही न ऐकणाऱ्या आजोबांनी घरी येताच स्वतःहून गोळी मागितली.

त्याचं नाव मला ठाऊक नाही. पण आपल्या जालन्यात अशी माणसं आहेत, हे तुम्ही राहता त्या दूरच्या शहरात अभिमानानं सांगा.