बिडाचा मॅनिफोल्ड

वडिलांची जुनी जीप गॅरेजात उघडी पडली होती. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा तिचा बिडाचा मॅनिफोल्ड कित्येक वर्षं तडकलेला होता. तो काढून टेबलावर ठेवला होता आणि शेजारी चकचकीत नळ्यांचा नवा हेडर. दोन्हींतला एक मला निवडायचा होता.

"नवा हलका आहे, चढाला जोर येईल," वसंतमिस्त्री म्हणाले. "पण आवाज बदलेल, दादा."

आवाजाचंच तर सगळं होतं. त्या तड्यातली फटफट घाटाच्या वळणावर ऐकू आली की आई चहा टाकायची. वडील जाऊन वर्ष झालं. आता जीप घेऊन मी एकटाच येतो, तरी ती तीन कप मांडते.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायची, ही मिस्त्रींची सवय. बोलता बोलता त्यांनी ते टोक चुकून टेबलावरच्या मॅनिफोल्डलाच टेकवलं. मी हसलो. थंडगार लोखंड ते! मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पंखा बंद केला आणि पुन्हा कान लावला.

माणूस गेल्यावर त्याचा आवाज कुठे जात असेल? कदाचित जिथे रोज तापला, तिथेच काजळीसारखा धरून राहत असेल.

तेवढ्यात आईचा फोन आला. "वळणावर आलास ना? जीप ऐकू आली. चहा टाकलाय."

मिस्त्रींनी अजून कान काढला नव्हता. मी नव्या हेडरवर पोतं टाकलं.