दिवसाला एकच पाहुणी

त्या हिवाळ्यात इथे नेदरलँड्समध्ये घरी दिवसाला एकच पाहुणा चालेल, असा नियम झाला. संक्रांतीचेच दिवस होते. तुमची आत्या म्हणाली, "आई, यंदा हळदीकुंकू राहू दे." मी कॅलेंडर काढलं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आणि त्या वर्षी रथसप्तमी चांगली लांब होती. रोज दुपारी एक बाई बोलवली तर नियमही पाळला जाईल आणि सणही. तुमचे आजोबा गेल्यावरही मी हळदीकुंकू बंद केलं नव्हतं. करोनासाठी कशाला करू?

वाण म्हणून सायकलचे छोटे दिवे आणले, पुढचा पांढरा आणि मागचा लाल. आत्या हसली. "हळदीकुंकवाला सायकलचे दिवे?"

"पाच वाजता अंधार पडतो इथे. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरे."

आत्याचं ऑफिस शहरातल्या झुइडास या ऑफिसांच्या भागात, पण तेव्हा ते आमच्या डीमन गावातल्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावरच होतं. ऑफिस संपलं की त्याच टेबलावर तिची दुसरी मीटिंग सुरू व्हायची. गर्भपाताच्या कायद्यात एक अट होती: बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे गेली, की पाच दिवस थांबायचं, विचार करायचा, मगच पुढचं. ती अट काढावी म्हणून बऱ्याच संघटनांनी मिळून एक आघाडी केली होती. त्यात डॉक्टर होते, सुईणी होत्या, विद्यार्थी होते, आणि चर्चमधल्या एक आजीबाईही होत्या, त्या मीटिंगभर विणकाम करायच्या. पत्रकातल्या एकेका वाक्यावर तासभर वाद चालायचा. कुणाला ते फार मवाळ वाटायचं, कुणाला फार कडक. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: खासदारांना बायकांचे खरे अनुभव कळवायचे, नावं न देता.

"डच बायकांचे खूप आलेत," आत्या मला म्हणाली. "आपल्याकडचा एकही नाही. म्हणजे आपल्यात हे होतच नाही की काय?"

"होतं," मी म्हटलं. "पण तुझ्या स्क्रीनवर कोण सांगेल?"

आता हळदीकुंकवाचं सांगते. एरवी वीस बायका एका खोलीत असल्या, की साड्या, शाळा आणि भारतातली तिकिटं यापलीकडे बोलणं जात नाही. त्या वर्षी एकेकटी यायची. थंडीत खिडकी उघडी, दोघीही अंगात कोट घालून दोन टोकांना बसलेल्या. हळदीकुंकवाच्या कुयऱ्या टेबलावर ठेवलेल्या, जिचं तिनं लावून घ्यायचं. तिळगूळ खाऊन झाला, चहा झाला, की गप्प व्हायची वेळ येई. आणि त्या गप्प बसण्यातून एखादी बोलू लागे. आत्या काय काम करते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आपणहून विषय काढला कुणाकडेच नाही.

जवळच्या हूफडॉर्प गावाहून एक मुलगी आली. ती आयटीत, नवराही आयटीत, एक लहान मुलगा. तिच्यासोबत सासूबाईही आल्या होत्या. नातवाला बघायला सांगलीहून आलेल्या, आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या. एकीलाच वर येता येणार होतं. सासूबाई खालूनच म्हणाल्या, "तू जा गं. मी बाळाला घेऊन इथल्या तळ्याभोवती फिरते. मी उद्या येईन माझी माझी."

मुलीनं चहा अर्धा ठेवला. मग म्हणाली, "काकू, मी मागच्या पावसाळ्यात गेले होते. डॉक्टरकडे."

पहिल्या बाळंतपणानंतर तिला फार जड गेलं होतं. कित्येक महिने ती नीट झोपली नव्हती, हसली नव्हती. आता कुठे सावरत होती, आणि पुन्हा दिवस गेले. तिनं आणि नवऱ्यानं आधी ठरवलं आणि मग डॉक्टर गाठली. डॉक्टर चांगली होती, तिनंच ओशाळून सांगितलं, कायदा आहे, पाच दिवस थांबावं लागेल.

"त्या पाच दिवसांत मी काहीच विचार केला नाही, काकू. विचार झालेलाच होता. मी फक्त लपवलं. सकाळी उलटीचा आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे. आणि आई, म्हणजे सासूबाई, बाहेरच्या खोलीत फोनवर मावशींना सांगायच्या, आता एक भावंड झालं की मी सुटले."

"हे खासदारांना सांगावंसं वाटतं?"

"खूप वाटतं. पण हूफडॉर्प, लहान मुलगा, सासू अडकलेली... एवढं म्हटलं की आपल्या लोकांत माझा पत्ताच दिल्यासारखं आहे. आणि आईंना कळलं, तर त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू?"

मी म्हटलं, "मग नको." संध्याकाळी आत्यालाही एवढंच सांगितलं, की एक अनुभव आहे पण तो मिळणार नाही. ती जरा चिडली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. दिवे उलटसुलट करून पाहिले. "सायकल येत नाही मला. पण बाबागाडीला लावीन."

मग कोटाची बटणं लावत, काढत बसल्या. "ताई, काल ती तुमच्याशी बोलली. रडून आली होती, डोळे सांगतात. मला वाटतं मला माहितीये कशाबद्दल."

मी चहा गाळायला उठले.

"तीन बाळंतपणं झालीत माझी. नळ सोडला म्हणजे काय मला कळत नाही? तिला वाटतं मी बहिरी आहे."

"मग ते भावंडाचं?"

"ते मी आधीपासूनच बोलत होते. एकदम थांबले असते तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. म्हणून बोलतच राहिले. चुकलंच ते." मग म्हणाल्या, "माझ्यावरही एकदा हीच वेळ आली होती. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याची सही आणा. आमचे हे तेव्हा नोकरीला नाशिकला. ते येईपर्यंत मी थांबले. अशी काही अट कायद्यात नव्हती, हे फार नंतर कळलं. बाकी सगळं विसरले, ते थांबणं नाही विसरले. तिच्या शेजारी नुसतं बसायचं होतं हो मला. पण ती सांगेना, मी कसं विचारू?"

"हे मला सांगून काय उपयोग? तुमची दोघींची चूल एकच आहे."

"सून आहे ती. लेक असती तर..."

"मग आज लेक समजा. उद्या पुन्हा सून करा."

त्या हसल्या आणि जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून पाहत राहिले. मला भीती वाटत होती. एका नियमामुळे दोघी माझ्याकडे वेगवेगळ्या आल्या होत्या, आणि माझ्या एका वाक्यामुळे एक घर बिघडलं असतं.

आठवडाभर काही कळलं नाही. मग मोबाइलवर एक आवाजी निरोप आला, चांगला लांबलचक. आधी मुलगी बोलत होती, मग सासूबाई. मागे कुकरची शिट्टी, मध्येच बाळ. "आई, जरा हळू बोला, काकूंना लिहून घ्यायचंय." "हळूच बोलतेय. तूच मध्ये येतेस." शेवटी मुलीनं सांगितलं, "काकू, दोघींचं एकत्रच पाठवा. नावं नकोत. ओळखलंच कुणी, तर ओळखू दे. घरात आता काही लपवायचं नाहीये."

मी त्याचं इंग्रजी केलं, आत्यानं डच. मीटिंगमध्ये ते वाचलं तेव्हा चर्चच्या आजीबाईंनी विणकाम खाली ठेवलं. त्या दिवशी एकाही वाक्यावर वाद झाला नाही, असं आत्या सांगते. मला ते थोडं वाढवून सांगितल्यासारखं वाटतं.

काम पुढेही बरंच चाललं. निवडणूक झाली, सरकार बनायला उशीर झाला, आघाडीतले दोन गट रुसले आणि परत आले. शेवटी पुढच्या वर्षी दोन्ही सभागृहांत ती अट काढणारा कायदा मंजूर झाला. तोवर पाहुण्यांचे नियम गेले होते. त्या दिवशी आमच्या फ्लॅटमध्ये इतक्या बायका आल्या, की कोट ठेवायला जागा नव्हती. हूफडॉर्पची मुलगी (गाव मी बदललं आहे, आणि दोघींना विचारूनच हे लिहिते आहे) मुलाला कडेवर घेऊन आली. सासूबाई केव्हाच सांगलीला परतल्या होत्या. तिनं तिथूनच त्यांना फोन लावला.

"आई, झालं. नव्या वर्षापासून लागू."

"आता किती दिवस थांबायचं?"

"आकडाच नाही. बाई आणि डॉक्टर मिळून ठरवतील."

"हां. मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझा आवाज बसलाय का गं? गरम पाणी पी. बाळाच्या गाडीचे दिवे अजून लागतात ना?"