पहिली टक् आणि कोबीचा गड्डा

माझे धाकटे दीर शववाहिनी चालवायचे. मिसरूड फुटल्यावर ते त्या नोकरीला लागले आणि केस पांढरे झाल्यावर निवृत्त झाले. मधल्या काळात दुसरं काही केलं नाही. लग्नाच्या बोलणीत हा धंदा कळल्यावर दोन-तीन घरची माणसं अर्धा चहा तसाच ठेवून उठली होती. माझ्या जावेच्या वडिलांनी मात्र एकच विचारलं, "गाडी जोरात चालवता का?"

दीर म्हणाले, "आमच्या गिऱ्हाइकाला घाई नसते."

आतल्या खोलीत जाऊ खुदकन हसली आणि लग्न ठरलं. ती अजूनही हे सांगते आणि शेवटी न चुकता म्हणते, "तिथेच फसले मी, ताई."

त्यांना काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने. त्याची एक पद्धत होती. नवा माणूस आला की तो मागच्या फळीवर कोबीचा गड्डा ठेवायचा, नुसता, टेकू न देता. गावभर फेरी मारून आल्यावर गड्डा जागचा हलला नसेल तरच माणूस पास. "मागे ठेवलेल्याचं डोकं हलता कामा नये. शेजारी घरचे बसलेले असतात, त्यांना ते दिसतं," एवढंच तो सांगायचा. दीर बरेच दिवस नापास होत राहिले. त्या फळीवरचा कोबी सासूबाई उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, त्यामुळे शेजारच्या शेळीची चंगळ झाली. मी तेव्हा या घरात नवी होते. शेळी आमच्या फाटकाशी येऊन दिरांची वाट बघत उभी असायची, ते मला चांगलं आठवतं.

शेवटी ते शिकले. सगळी गंमत ब्रेकमध्ये नव्हती, नजरेत होती. पुढे काय होणार आहे ते लांबूनच बघायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढून घ्यायचा, म्हणजे ब्रेक नुसता टेकवला तरी पुरतो. पुढे त्यांच्या गाडीत कोणाचं डोकं कधी हलल्याचं ऐकलं नाही. आमच्या वस्तीतली मुलं त्यांना 'गोगलगाय' म्हणत. त्यांना त्याचा राग येत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी हायब्रिड गाडी घेतली. हिच्यात पेट्रोलचं इंजिन असतं आणि बॅटरीही. ब्रेक हलक्या पायाने लावला की एरवी वाया जाणारा जोर बॅटरीत साठतो, आणि पुढे तेवढं पेट्रोल वाचतं. कचकन लावला की सगळं फुकट. समोरच्या पडद्यावर एक पट्टी असते, ती हे सगळं दाखवते. पहिल्याच दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी फेरी मारली आणि लहान मुलासारखे म्हणाले, "वहिनी, मी जन्मभर जे केलं त्याला शाबासकी देणारी गाडी निघाली की हो!"

त्या शाबासकीची मोजदाद करायचा त्यांना नाद लागला. पंप ठरलेला, त्यातही कडेचं मशीन ठरलेलं. टाकी भरत आली की नोझल आपोआप टक् करून बंद होतं. त्या पहिल्या टकेला थांबायचं, वर एक थेंब घालायचा नाही. दर वेळी टाकी एकाच पातळीला भरली तरच हिशेब खरा. मग ट्रिप मीटर बघायचा, गाडी जितके किलोमीटर चालली त्याला भरलेल्या लिटरने भागायचं आणि मीटर शून्यावर आणायचा. पंपावर काम करणारी बाई त्यांना ओळखून होती.

"काका, राउंड फिगर करू?"

"मुळीच नाही. टक् झाली ना? काढ."

"मागे रांग लागलीय. तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मी घरी कधी जाणार?"

"घाई कसली एवढी? माझी जुनी गिऱ्हाइकं बघ, कधी कुरकुर केली नाही. शांत उभं राहावं."

"इश्श, तुमची जुनी गिऱ्हाइकं उभी कुठे असायची!"

यावर ते इतके हसले, की भागाकार चुकला आणि पुन्हा करावा लागला.

लिटरला चोवीस. घरी आल्यावर हा आकडा ते आम्हाला असा सांगत, जसा कोणी नातवाचा निकाल सांगावा. नात त्यांना होतीच. तिची आई, म्हणजे माझी पुतणी, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. जावई वर्षातले बरेच महिने जहाजावर असतात. पुतणीला मोठ्या मुश्किलीने सकाळची पाळी मिळाली होती, म्हणजे दुपारी तरी ती लेकीला भेटायची. त्या पाळीसाठी ती अंधारातच निघते, त्यामुळे नातीला शाळेत सोडण्याचं काम आजोबांचं. ही नात दिवसभर तोंड मिटून काहीतरी गुणगुणत असते, म्हणून आम्ही तिला 'भुंगा' म्हणतो. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, तिची छोटी खुर्ची कायमची बांधलेली होती.

मग आकडा उतरायला लागला. बावीस. मग एकवीसच्याही खाली. दिरांनी आधी पंपावर संशय घेतला, पण त्यांचं त्यांनाच पटलं नाही. एखाद्या वेळी पेट्रोल जास्त भरलं गेलं तर पुढच्या खेपेला तेवढं कमी बसतं आणि आकडा सावरतो. हा तर सलग घसरत होता. मग चाकांतली हवा तपासली. मग थंडीला दोष दिला. मग माझ्या जावेच्या पर्सला.

"काय भरतेस गं त्यात? दगड?"

"तुमची औषधं, तुमचा चष्मा, तुमचा रुमाल. फेकून देऊ का वाटेत? वाढेल ॲव्हरेज!"

मेकॅनिकने गाडी दिवसभर ठेवून घेतली. बॅटरी उत्तम, इंजिन उत्तम. "काका, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. दीर तिथून चिडूनच आले. मेकॅनिकला काही कळत नाही, असं त्यांचं मत झालं.

पुतणीला रजा होती. त्यांनी तिला किल्ली दिली. "ही टाकी तू संपव. तू चालवतेस रानटीपणे, तुला अठरा मिळतील. मग त्या मेकॅनिकच्या तोंडावर दोन्ही आकडे मारतो." पुतणी हसत घेऊन गेली. टाकी संपल्यावर दोघं मिळून पंपावर गेली. तेच मशीन, तीच पहिली टक्.

परत आली तेव्हा आम्ही दोघी जावा भाजी निवडत होतो. पुतणी दारातूनच ओरडली, "आई, मोठी आई, तेवीस! मी आबांना हरवलं!"

"बुडालं जग," जाऊ म्हणाली. "अहो, ऐकलं का? तुमची लेक गोगलगाय झाली."

दीर हसले नाहीत. किल्ली खुंटीला लावली आणि तिच्याकडेच बघत राहिले. गाडी तीच, रस्ते तेच, पेट्रोल तेच. बदललं होतं ते फक्त माणूस. त्यांच्याच पद्धतीने काढलेला हिशेब होता, त्यामुळे त्यांना त्याच्याशी भांडताही येईना.

रविवारी सकाळी ते माझ्याकडे वर आले. हातात कोबी होता.

"वहिनी, जरा गाडीत बसता का? मागे. आपण शाळेच्या रस्त्याने जाऊन येऊ."

"धाकटीला नाही नेत?"

"ती काही दिसलं तरी सांगणार नाही, आणि वर रडेल. तुम्ही दोन्ही करत नाही."

मी भुंग्याची खुर्ची सोडवून तिच्या जागेवर बसले. शेजारी सीटवर कोबीचा गड्डा, सुटा. पहिली काही वळणं अशी गेली, की आपण गाडीत आहोत हेही जाणवू नये. सरळ रस्त्यावर, समोरच्या सिग्नलला, ते पूर्वीसारखेच लांबून पाय काढून घेत होते. पट्टी भरत होती. मला वाटलं, उगीच काळजी केली.

बेकरीच्या अलीकडे डाव्या हाताला एक बाई बाबागाडी ढकलत फुटपाथवरून चालली होती. ती रस्ता ओलांडायला वळली. मी तिला बघितलं आणि मनात काही आलं नाही, कारण आपल्याला दिसण्याआधी दिरांना दिसलेलं असतं, अशी आम्हा सगळ्यांची सवय. गाडीचा वेग काही कमी झाला नाही. मी "भावजी" म्हणणार तोच त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. कोबी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला आणि खाली गडगडत गेला. बाबागाडी आमच्यापासून हातभर अंतरावर होती. त्या बाईने काही शिवी दिली नाही. तिने नुसतं आत वाकून बघितलं, आणि निघून गेली.

त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"ती कुठून आली?"

"डावीकडून. बेकरीच्या कितीतरी आधीपासून चालत होती."

"पळत?"

"नाही, भावजी. सावकाश."

मग त्यांनी विचारलं, "भुंगा बसते कुठे?"

"मी बसलेय तिथेच."

त्यांनी बटण दाबलं. ही गाडी उभी असली की तसाही आवाज नसतो, त्यामुळे बंद झाली की नाही ते पडदा काळा झाल्यावरच कळलं. मग त्यांनी खाली वाकून सीटखाली चाचपून कोबी काढला आणि आम्ही चालत घरी आलो. वाटेत मी त्यांच्या डाव्या बाजूला राहिले. संध्याकाळी पुतणी जाऊन गाडी घेऊन आली.

रात्री सगळे एकत्र जेवायला बसलो. जाऊ म्हणाली, "नंबर वाढला असेल. चष्मा बदला, झालं. आणि शाळेचं एवढं वर्ष काढा, किती राहिलंय? हळूच तर चालवता तुम्ही." पुतणी म्हणाली, "मी सकाळची पाळी सोडते." म्हणजे दुपार ते रात्रीची पाळी, हे आम्हाला माहीत होतं, आणि शाळेत सोडल्यावर लेकीला थेट झोपलेलीच बघणं.

दीर म्हणाले, "तू काही सोडायचं नाही." मग जावेकडे वळले. आवाज चढवला नाही. "माझ्या गाडीत आजवर जे झोपले, त्यांना काही होण्यासारखं उरलेलं नव्हतं. हिला आहे. एक दिवससुद्धा नाही."

जाऊ ताटावरून उठून गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर होते. एका गोलात डोकं ठेवून बसायचं आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी होती. दार अर्धवट उघडं होतं. बटणाचा आवाज भराभर येई, मग बराच वेळ येत नसे. त्या वेळांत दिवे लागतच होते, हे मला बाहेर बसून समजत होतं.

काचबिंदू निघाला. बाजूची नजर गेली होती, डावीकडची जास्त. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून त्यांना पत्ता लागला नव्हता. मध्ये एखादी गोष्ट उगवली की ब्रेक, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं थेंब घालून टिकवू. आणि तुम्ही गाडी चालवत असाल तर..."

"चालवत होतो," दीर म्हणाले.

गाडी त्यांनी पुतणीच्या नावावर केली. देण्याआधी टाकी भरून द्यायची हा त्यांचा हट्ट. पुतणीने गाडी चालवली, मी मागे. कडेच्या मशीनपाशी पंपावरच्या बाईने ड्रायव्हरच्या जागेवर काकांना बघितलं नाही, तशी ती जरा थबकली. ते शेजारच्या दारातून उतरून तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. टक् झाली. तिने सवयीने विचारलं, "काका, राउंड करू?"

तिने नोझल काढलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "नाहीच करत." त्यांनी आत वाकून मीटर शून्यावर आणला. त्या दिवशी भागाकार केला नाही.

शाळा चालत अर्ध्या तासावर आहे. आता आजोबा आणि नात लवकर निघतात. सुरुवातीला माझी जाऊही बरोबर जायची, पर्स खांद्याला लावून, वाटभर कुरकुरत. "चाळीस वर्षं गाडीत बसवलं नाही, जरा कुठे बसायला लागले तर आता पायी हिंडवतायत." पण एक दिवसही चुकली नाही. अजूनही मोठ्या चौकापर्यंत जाते.

भुंग्याला सांगून ठेवलंय की आबांच्या डाव्या हाताला राहायचं. परवा मी त्यांच्याबरोबर गेले होते. बेकरीपाशी रस्ता ओलांडायचा होता. तोवर तिची गुणगुण चाललेली होती, कडेला येताच ती थांबली. दीर उभे राहिले. त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि तरीही पाऊल उचललं नाही.

"सायकल येतेय, आबा," ती म्हणाली. "लांब आहे, पण येतेय."

"येऊ दे," ते म्हणाले. "आपल्याला घाई नाही."