शेवटच्या रांगेतला हात

पुण्याहून काकूंचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता. "काकू, ऐकू येत नाहीये, मोठ्यानं बोला!" असं मी ओरडतच राहिले, आणि मग एकदम स्वच्छ ऐकू आलं... मनोहरकाका गेले. भारतभेटीत, झोपेतच.

गेल्या वर्षी इथलं, टेक्सासच्या शुगर लँडमधलं जुनं फायर स्टेशन आमच्या मराठी मंडळाला मिळालं, आणि जिथे बंब उभे राहायचे तिथे सांस्कृतिक केंद्राचा हॉल करायचं ठरलं. सगळे खूश, मंडळाची नाटकं बसवणारे मनोहरकाका सोडून. 'मल्टिपर्पज हॉल' म्हटल्यावरच ते म्हणाले, "म्हणजे बारशी होतील, बर्थडे होतील, नाटक तेवढं होणार नाही. कुठंतरी पाणी मुरतंय." त्यांना डोळे मिटण्याआधी एकच बघायचं होतं, आपल्या हॉलमध्ये माईकशिवाय नाटक. दर शनिवारी ते शेवटच्या रांगेत बसायचे आणि मी स्टेजवरून संवाद म्हणायची. नीट ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा. माझा घसा बसायचा, पण मेला तो हात काही वर जायचा नाही!

आवाज मागपर्यंत पोचावा म्हणून कार्पेट काढलं, पडदे बदलले. आमचा अध्यक्ष समीर वैतागला. "काका, माईक लावून टाकू ना यार!"

"माईक लावला की नट आळशी होतो," काका म्हणाले.

काकांचे कानच गेलेत, अशी कुजबुज सुरू झाली. मलाही तेच वाटत होतं. एकदा पार्किंग लॉटमध्ये त्यांच्या पाठीमागे मी पुटपुटले, "हट्टी म्हातारा."

"ऐकलं हं!" ते वळून म्हणाले.

म्हणजे कान शाबूत. मग हा माणूस मुद्दाम अडवतोय की काय? हा संशय तर आणखी वाईट होता. पण त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

परवा तालमीत मला स्टेजवर उभं राहवेना. काकांच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर समीर जीव तोडून बोलत होता आणि माझ्या डोक्यावर, छतातून, एसीची घरघर चालली होती. नुसते ओठ हलताना दिसत होते. स्टेजवर किंवा पुढच्या रांगांत ती घरघर आम्हाला कधी ऐकूच आली नव्हती... काका, अहो, एवढंच सांगायचं होतंत! पण संवाद नेमके कशामुळे बुडतायत, ते त्यांनाही कळलं नसावं.

उठून एसी बंद केला. टेक्सासचा उन्हाळा, सगळे घामाघूम. समीर ओरडला, "वर्षाताई, एसी का बंद केला?"

"तू बोल रे!"

तो बोलला. शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला.

मी हात वर केला.