कोमट कागदाचं विमान

आमच्या घरात विमानं स्वयंपाकघरातून सुटायची. ओट्यापाशी उभी राहून वहिनी हात मागे न्यायची, विमान जेवणाच्या टेबलावरून, माझ्या डोक्यावरून बाहेरच्या खोलीत शिरायचं आणि दादाच्या वर्तमानपत्राला धडकायचं. दादा मान वर न करता म्हणायचा, "उतरलं."

लग्नाआधी अर्धवट सुटलेलं इंजिनिअरिंग वहिनीनं पुन्हा धरलं, तेव्हा तिच्या कानापाशी पांढरे केस दिसू लागले होते. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या बाई आल्या. "मग मीही हजेरी घेऊन टाकली," असं ती सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक. पण सगळ्यांना हसवता हसवता ती एक गोष्ट ठामपणे बोलून बसली होती. हे वर्ष वाया गेलं तर कॉलेजचं पुन्हा नाव काढायचं नाही, मुकाट्यानं दुकानात बसायचं. दुकान म्हणजे आमच्याच इमारतीखालचं दादाचं झेरॉक्सचं. दादानं तिला असं कधीच म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं, म्हणून तर ते मोडता येत नव्हतं.

बाकी विषयांत ती पास झाली होती. उरला होता एक प्रकल्प. एका कागदाचं विमान स्वतः आखायचं, चाचण्या करून सुधारायचं आणि शेवटी सभागृहात सरांसमोर दिलेल्या कागदातून घडवून उडवायचं. तीन फेकींपैकी एकीत तरी ते जमिनीवरच्या लाल पट्टीपलीकडे उतरायला हवं, नाहीतर नापास.

जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आला. ती त्याला शिडी म्हणायची, तो तिला ताई. घड्या वहिनीच्या, फेक शिडीची. तो घरी आला की दोघं आमच्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात जायची.

कागदाला तोटा नव्हता. दुकानात रोज बिघडलेल्या प्रती निघायच्या, कुठली तिरकी आलेली, कुठली काळी पडलेली. वहिनी त्या मशीनवरून थेट उचलून आणायची आणि लगेच घडीला बसायची. त्यामुळे एका विमानाच्या पंखांवर कुणाचा भाडेकरार असे, दुसऱ्याच्या नाकावर कुण्या मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो.

"काका आज भिंतीवर आपटले," शिडी म्हणायचा.

"मिशीचं वजन जास्त होतंय," वहिनी म्हणायची आणि पुन्हा घडी उलगडायची.

नाक निमुळतं केलं तर विमान सुसाट जाऊन लवकर पडे. पंख रुंद केले तर डोलत डोलत भलतीकडेच वळे. मग नाकाला आणखी एक घडी दिली, पंखांची टोकं उभी केली, आणि एका संध्याकाळी ते व्हरांड्याच्या टोकाला शेजारणीच्या दारात अलगद टेकलं. त्यानंतर रोज तिथेच टेकू लागलं. शेजारीण म्हणाली, "माझ्याकडे पाहुणे येत नाहीत एवढं हे येतं."

परीक्षेच्या दिवशी दादाला दुकान सोडता येईना, म्हणून वहिनीबरोबर मी गेले. सरांनी नव्या गठ्ठ्यातून प्रत्येक जोडीला एक कोरा कागद दिला. वहिनीच्या घड्या नेहमीसारख्याच सुबक पडल्या. शिडीनं फेकलं. विमानानं चार पावलं गेल्यासारखं केलं आणि नाक खाली घालून जमिनीवर आदळलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दुसऱ्या फेकीला शिडीनं जोर लावला. ते आणखी जोरात आदळलं.

"ताई, माझा हात चुकतोय का?"

"तुझा हात रोजचाच आहे. घड्याही रोजच्याच."

वहिनीनं विमान हातात घेतलं. पंखावरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाली, "हा गार आहे."

"कोण?"

"कागद. आपला कोमट असायचा रे."

आणि तिनं कपाळावर हात मारला. मशीनमधून तापून निघालेला कागद किंचित वळतो. त्या वळणानं आमच्या विमानाची मागची कड आपोआप जराशी वर उचललेली असायची, आणि नाक खाली जायचं नाही. इतके दिवस अर्धं विमान दादाच्या मशीननं बनवलं होतं आणि कौतुक मात्र घड्यांचं चाललं होतं.

ती सरांकडे गेली. "सर, हे उलगडून एकदा ऑफिसातल्या मशीनमधून काढून आणू?"

"कशाची प्रत काढणार?"

"कशाचीच नाही. कोऱ्याची कोरी."

सभागृह हसलं. सरही हसले, पण म्हणाले, "कागदाला हाताशिवाय काही लागायचं नाही."

"हात चालेल ना?"

"हात चालेल."

वहिनीनं अंगठ्याच्या नखानं मागची कड दोन्ही बाजूंना हलकेच वर वळवली. सुईत दोरा ओवताना पाहावं तसं एक डोळा मिटून पाहिलं. एक बाजू जराशी खाली दाबली. मग विमान शिडीच्या हातात दिलं.

"जोर नको लावूस. शेजारणीकडे पाठवतोयस, बस."

विमान सुटलं. त्याला कसलीच घाई नव्हती. रांगांमधल्या माना त्याच्याबरोबर वळत गेल्या. पट्टीजवळ ते खूप खाली आलं, इतकं की मी बाकाची कड घट्ट धरली, आणि जमिनीला न टेकता पट्टी ओलांडून वीतभर पुढे उतरलं.

"पहिल्या दोन वेळा काय झालं?" सरांनी विचारलं.

"आम्ही विमान तपासलं, सर. कागद तपासलाच नाही."

सरांनी मान हलवली आणि पुढच्या जोडीला बोलावलं. मग वहिनीकडे वळून म्हणाले, "हे उत्तर अहवालात पहिल्या पानावर घ्या. पास आहात."

आम्ही तडक दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, दादानं नुसत्या भुवया उंचावल्या. वहिनी मशीनजवळ गेली, खाली काहीही न ठेवता झाकण लावलं, बटण दाबलं. कोरा कागद बाहेर आला. तो तिनं गालाला लावला, भराभर घड्या घातल्या आणि काउंटरवरून सोडला. विमान दादाच्या छातीवर टेकलं.

"उतरलं," दादा म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याला सगळं कळलं. तो विमान हातात घेऊन हसू लागला.

"पुढच्या वर्षी काय आहे?"

"पूल."

"कागदाचाच?"

"हो."

दादानं कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. "मग उद्यापासून तिरक्या प्रती जास्त काढाव्या लागतील."