आवाज बंद केलेला सामना

बासमतीच्या पानाचा वास आला की माझ्या कानांत एक मोठी शांतता पसरते. कडावच्या बाजारामागच्या त्या घरात ते केवड्याच्या जातीचे लांबट पान गाठ मारून नारळाच्या दुधातल्या भातात सोडलेले असे. भाताला वाफ धरली की त्याचा हिरवा, किंचित गोडसर गंध ओटीपर्यंत येई, आणि पाठोपाठ आतून हुकूम सुटे, "टीव्हीचा आवाज बंद करा रं! मॅच सुरू झाली." सामना रंगू लागला की जग आवाज वाढवते, आमची पिनांगवाली खाला तो बंद करी.

खालाचे माहेर खालापूरचे. लग्न होऊन ती थेट मलेशियात, पिनांग बेटावर गेली. तिचे यजमान, ज्यांना सारा गाव खालू म्हणे, तिथे एका तमिळ मुसलमानाच्या खाणावळीत आचारी होते. बऱ्याच वर्षांनी दोघे परतले आणि त्यांनी कडावला कापडाचे दुकान घातले. मी त्यांच्याकडे संध्याकाळचे दूध घालायला जाई. तेव्हा माझा आवाज ओठांपर्यंत येऊन विरत असे. वर्गात मी दिलेली हजेरी बाईंना बहुधा ऐकूच जात नसे.

पिनांगच्या त्या खाणावळीत मलायी, चिनी, तमिळ सगळेच जेवायला येत, पण एरवी ज्याचे टेबल त्याचे. बॅडमिंटनच्या सामन्याला मात्र खुर्च्या सरकत. कुणाच्या भाषेतले समालोचन लावायचे यावरून वाद नको म्हणून मालक आवाजच बंद करी. मग एकेका गुणाचा खेळ एकेकाने आपल्या बोलीत सांगायचा. नवी नवरी खाला भटारखान्याच्या दारात उभी राहून पाही. एका संध्याकाळी कोपऱ्यातल्या चिनी म्हाताऱ्याने तिच्याकडे बोट केले आणि मलायीत म्हटले, "चाकाप." म्हणजे, बोल.

"मग?" मी विचारले होते.

"मग काय! सोडली आपली खालापूरची बोली. 'आलं बाय आलं, हाण त्याला डोक्यावरनं!' कुणाला काय कळलं नाय गं. पण टाळी बरोबर जागी पडली."

तीच रीत तिने कडावला आणली. खालूंच्या तोंडी सामना मंद आचेवर शिजे: "थांबा, अजून उकळी नाय आली." माझे बाबा मूळचे कबड्डीचे गडी. दूध द्यायच्या निमित्ताने तेही रेंगाळत आणि गुण वाट्याला आला की ओरडत, "धर तंगडी! सोडू नको!"

"अवो भाऊ," खाला पदर तोंडाला लावून हसे, "ते बॅडमिंटनचं फूल हाय. त्याला तंगडी नाय."

माझी पाळी आली की ओटी गप्प होई. पडद्यावर फूल इकडून तिकडे जात राही. माझ्या तोंडून अक्षर निघत नसे. खालाने कधी घाई केली नाही, माझ्या वाटणीचा गुण दुसऱ्याला दिलाही नाही. "ऱ्हाऊ दे. हा मुका गेला. पुढचा तुझाच." असे कितीतरी गुण मुके गेले. मग एकदा माझ्या नकळत शब्द आले, "फूल जाळीवर बसलं... विचार करतंय... पलीकडे उतरलं." खालाने ओल्या हातांनीच टाळी वाजवली. तिच्या तळव्यांवरचे तांदळाचे पाणी माझ्या गालावर उडाले. ते गार थेंब मला अजून आठवतात.

पुढे खालू गेले. मधुमेहाने खालाचे डोळे हळूहळू नेले. मी शेलूला राहायला आले होते, तरी सामना असला की कडाव गाठत असे. "डोळं गेलं त्याचं येवढं नाय," ती म्हणे, "पण मॅच मुकी व्हायला नको." तिला दुसरी भीती नव्हती. आणि नेमके तेच होऊ घातले होते. यंदा मुलगा तिला मुंब्र्याला न्यायला आला. तिथे तो आणि सून, दोघेही दिवसभर कामावर.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिनांगच्या एका पोराचा अंतिम सामना होता. ओटीवर गाठोडी बांधून ठेवलेली, चुलीवर भात, त्यात बहुधा शेवटचे पान. मुलाने मोबाईल आणून प्रेमाने इंग्रजी समालोचन मोठे केले. खालाने कपाळाला आठ्या घातल्या. "बंद कर बाबा ते. हिला सांगू दे."

मी सांगत गेले. फूल कसे तरंगते, पोराच्या पाठीवर सदरा कसा चिकटला आहे, तो कसा वाकून श्वास घेतो आहे. पहिला डाव त्याने घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात त्याचे पाय जडावले. समोरच्याला अखेरचा गुण तेवढा उरला, आणि माझा आवाज लहानपणी विरायचा तिथेच विरला. तिच्यासोबत मुंब्र्याला जाणारा हा अखेरचा सामना मी तिला हरलेला कसा देऊ?

"हरतोय ना गं?"

पडद्यावर समोरच्याने फूल बोटांत धरले. भाताचा वास दाटून आला होता. खालाने चाचपडत माझे मनगट शोधले, घट्ट धरले आणि न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवून म्हणाली,

"चाकाप."