आईच्या कानाने लावलेली गिटार

बाबांची गिटार उन्हात ठेवली की तिला अजूनही उकडलेल्या धानाचा वास येतो. हे कुणाला सांगितलं तर पटत नाही, म्हणून ती कशी झाली ते आधी सांगते.

बाबा भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या संमेलनात बाहेरगावच्या एका इंजिनिअरने गिटार वाजवली आणि बाबा नि त्यांचे आंधळगावचे दोस्त, दोघांच्याही मनात ती भरली. हे दोस्तही फिटरच. मी त्यांना काका म्हणते. विकत घ्यायचा विचार दोघांच्या डोक्यात आलाच नाही. आवडलेली वस्तू आपण करायची, एवढंच त्यांना ठाऊक. इंजिनिअर जेवायला बसला तेवढ्यात त्याला विचारून त्यांनी गिटार वर्तमानपत्रावर ठेवली, पेन्सिलीने आकार काढून घेतला आणि गळ्यावर धातूच्या पट्ट्या किती ते मोजून घेतलं.

यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांचं लाकूड साहेबांच्या परवानगीने घरी आलं. कडेच्या फळ्या वाकवायला वाफ हवी होती. ती मोहाडीच्या राइस मिलमध्ये मिळाली. तिथे फळ्या धानाबरोबरच शिजल्या. भंडाऱ्याच्या भांडेवाल्याकडून पितळेची कातरण आणून पट्ट्या केल्या. सुट्टीच्या दिवसांत ठोकठोक करत आमच्या अंगणात दोन गिटारी तयार झाल्या.

मोकळी तार गोड वाजली. पट्टीवर बोट ठेवून वाजवली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय जी, मांजर धरून राहिले काय दोघं मिळून?"

आई भजनी मंडळात गायची. तिच्या कानाला ते सहन होईना. चूक अशी होती की दोघांनी पट्ट्या अगदी सारख्या अंतरावर बसवल्या होत्या. लोखंडाला बोल्टची भोकं पाडावीत तशा, व्हर्नियरने मोजून, केसाचाही फरक नाही. गिटारच्या पट्ट्या खाली येताना जवळजवळ येत जातात, हे वर्तमानपत्रावर उतरलंच नव्हतं. काका तर वाद घालायला लागले.

"वयनी, माप चुकलं नाही जी. तपासून घ्या."

"माप ठेवा तुमच्या कारखान्यात. मले सूर पायजे."

मग आईने पेटी काढली. ती एकेक सूर गाऊन धरायची, बाबा पट्टी सरकवायचे. "खाली... अजून... बस्स." बस्स म्हटलं की पेन्सिलीची खूण. दोन्ही गिटारी अशा लागल्या. जुन्या खाचा बाबांनी भुसा आणि सरस भरून बुजवल्या. त्या अजून दिसतात, नीटनेटक्या आणि बेसूर.

त्यानंतर दर खंडेनवमीला पाटावर हत्यारांची पूजा मांडली की गिटारही तिथे असायची. दसऱ्याच्या संध्याकाळी बाबा ती उचलायचे, काका आपली घेऊन यायचे आणि आई गायची.

बाबा या उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून आईने पेटी उघडली नाही. मंडळाच्या बायका बोलवायला आल्या की गुडघे दुखतात म्हणून सांगायची. भांडी घासतानाचं गुणगुणणंही थांबलं. मी भंडाऱ्याहून शनिवारी घरी यायचे, तेव्हा दारात थांबून आधी कान द्यायचे. आत भांड्यांचाच आवाज असायचा. ती पुन्हा गाईल की नाही, हे तिला विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

या वर्षी घरात सण नव्हता. तरी नवमीला आईने कानस, हातोडी, व्हर्नियर ओसरीवरच्या पाटावर मांडलं आणि शेजारी गिटार ठेवली. म्हणाली, "सण नाही, पण हत्यारांचं काय चुकलं?"

दसऱ्याला संध्याकाळी काका आले. सोबत त्यांची गिटार.

"वयनी, गळ्यावरची फळी उन्हानं फाटली जी. नवी बसवली. पट्ट्या कच्च्याच लावल्या आहेत. जरा ऐकून द्या."

"मले नाही जमत आता, भाऊ."

"बरं. मीच ऐकतो मंग."

ओसरीवर खुर्चीत बसून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अंगावर काटा आला. मी वाकून पाहिलं. पट्ट्या पुन्हा सारख्या अंतरावर होत्या! जुनी फळी, आईच्या खुणांवर पाडलेल्या खाचांसकट, त्यांच्या पिशवीतून डोकावत होती. मला ती दिसली हे काकांनी पाहिलं आणि पायाने पिशवी खुर्चीखाली ढकलली. वाजवणं चालूच.

आत पातेलं आदळलं. "काहून जीव घेऊन राहिले, भाऊ?"

"माप बराबर आहे, वयनी. व्हर्नियर लावून पाहा."

"आग लागो तुमच्या व्हर्नियरले!" आई पदराला हात पुसत बाहेर आली. "ते पट्टी खाली घ्या."

"किती?"

"खाली म्हणते ना."

"मले काय समजते जी? सूर द्याल तेव्हा ना."

आई पाटाकडे बघत उभी राहिली. मग खाली बसली आणि सूर लावला. आवाज चिरका निघाला. तिने खाकरून पुन्हा लावला, आणि या वेळी तो धरून ठेवला. काका पट्टी सरकवू लागले. त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली. "खाली... अजून... बस्स." मी खूण केली.

शेवटची पट्टी लागली तेव्हा दिवा लागला होता. आईने पाटावरची बाबांची गिटार उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मला येत नाही गं," मी म्हणाले.

"भाऊ शिकवतील. पट्ट्या नीट आहेत हिच्या. म्याच लावल्या."

मी एक मोकळी तार छेडली. मोकळी तार कुणालाही गोड वाजवता येते. आईने तिच्यावर सूर धरला.